पाटीवरचा हात

"तासभर लघवी दाबून बसलेय गं बिल्वा! पूर्वी तुम्ही करंगळी दाखवायचात, आता माझी पाळी," पोटावर गार जेल पडताच देवस्थळीबाई म्हणाल्या. एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता डॉक्टर झालेली बिल्वा खळखळून हसली.

ऑपरेशनआधी अंडाशयातली गाठ साधी की कॅन्सरची, याचा अंदाज या सोनोग्राफीत येणार होता. पोटावर यंत्र फिरता फिरता बिल्वाचं हसू विरलं.

"साधीच आहे ना गं?"

बिल्वानं मॉनिटर हळूच स्वतःकडे वळवला आणि हात त्यावरच ठेवला. "बाई, श्वास रोखा."

दुसरीत गणित चुकलं, की ती अशीच पाटीवर हात ठेवायची. बाई तो कधी ओढत नसत. तिनं आपणहून काढेपर्यंत थांबत.

श्वास रोखून त्या थांबल्या. मॉनिटरवरचा हात काही निघेना.