सहाशे चौदाचा खिळा

"कुणाची गं तू?" लॉकलनने विचारलं.

सोलांज फोनवर स्टॉपवॉच लावून उभी होती. तिने मान वर केली. "मला विचारताय?"

"आजची पाहुणी तूच ना. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतो मी."

शनिवारपासून बंदरात पर्यटकांची मोठी बोट लागणार होती. तिथून निघालेली बस खाणीपाशी थांबणार एक तास. चढणं-उतरणं वजा जाता हातात पन्नास मिनिटं. लॉकलनने तीस वर्षं या खाणीत कोळसा काढला होता आणि खाण बंद झाल्यावर एकोणीस वर्षं ती लोकांना दाखवली होती. त्याची फेरी पन्नास मिनिटांत बसवायला संग्रहालयाने हॅलिफॅक्सहून सोलांजला आणलं होतं. आज तालीम होती. दोघंच होते.

"जेरारची," सोलांज म्हणाली. "शेटिकॅम्पचा. खेकडे पकडतो."

समोर लांबलचक फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्यावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला. लॉकलनचं बोट रांगांवरून फिरलं.

"खेकडेवाल्याचा बिल्ला इथे कुठून असणार? हा घे. तीनशे दोन. इवन बेटनचा. त्याला पोरंबाळं नव्हती."

"म्हणजे मी आता त्याची?"

"वर येईपर्यंत."

ती हसली. लॉकलनने सहाशे चौदावरून स्वतःचा बिल्ला काढला, खिशात टाकला आणि शाळेच्या पोरांना सांगावं तसं सावकाश सांगितलं, "उतरताना आपला बिल्ला घ्यायचा. वर आलं की परत लावायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. सगळे खिळे भरल्याशिवाय वरच्या माणसाने घरी जायचं नाही."

"छान सांगता," सोलांज म्हणाली. "पण सात मिनिटं झाली."

खाली छत बुटकं होतं. सोलांजचं हेल्मेट दोनदा आपटलं. घोड्यांच्या तबेल्यापाशी ती म्हणाली, "हे राहू दे. घोडे सगळ्यांना आवडतात." पंपापाशी म्हणाली, "हे जरा लांबतंय." शेवटच्या वळणावर लॉकलनने दिवे घालवले. डोक्यावर खडक होता आणि खडकावर समुद्र.

"इथे पोरं काय करतात?" अंधारातून तिने विचारलं.

"आधी हसतात. मग कुणीतरी शेजारच्याचा हात धरतं."

तिच्या फोनवरचे आकडे तेवढे उजळले होते आणि भराभर बदलत होते.

वर आले तेव्हा बरोबर साठ मिनिटं झाली होती. सोलांज बाकावर बसली, कागद मांडीवर घेतला.

"दहा काढायची आहेत. सुरुवातीचं 'कुणाची तू' एका मिनिटात आणू. बिल्ले ओळीने वाटायचे, येईल त्याला हाताला येईल तो."

"ज्याचा त्याला देतो मी. आजोबाचा बिल्ला नातवाच्या हातात. म्हणून तर विचारायचं."

"शेवटचा असा नातू कधी आला होता?"

लॉकलनने आठवून पाहिलं. "बर्नी करीची नात. परवाच्या..." तो थांबला. "शाळा होती तेव्हा."

"आणि आता?"

"आता पोरं सगळी कामाला तिकडे अल्बर्टात."

"शनिवारी टेक्सासची माणसं येणार, लॉकलन. त्यांना विचारलंत कुणाचे, तर ती म्हणतील बोटवाल्यांचे."

तो मनापासून हसला. तिलाही बरं वाटलं. मग ती म्हणाली, "आणि शेवटचं खिळे मोजणं काढू. चार मिनिटं जातात त्यात, शिवाय दारात गर्दी होते. दाराशी टोपली ठेवते. बिल्ले टोपलीत टाकायचे, बसमध्ये बसायचं. पुढे केव्हातरी सवडीने लावू."

"मोजल्याशिवाय कुणी घरी जात नसे."

"खरंय." ती हळू बोलली. "पण आता खाली कुणी राहत नाही ना."

तिने उठून तीनशे दोनचा बिल्ला खिळ्यावर अडकवला आणि आवराआवर करायला आत गेली. लॉकलनने खिशातून आपला बिल्ला काढला. त्याचा हात सहाशे चौदापर्यंत गेला. क्षणभर तिथे थांबला आणि मागे आला. कोट चढवून तो बाहेर पडला, आवारात उभ्या केलेल्या आपल्या जुन्या ट्रकमध्ये जाऊन बसला. चावी लावली नाही.

तिथून आतलं सगळं दिसत होतं. फळी मागच्याच आठवड्यात सोलांजने मोठ्या काचेसमोर आणून लावली होती, बसमधून उतरल्या उतरल्या लोकांना दिसावी म्हणून. ती आतून आली. एकेक दिवा मालवत फळीसमोरून गेली. मग पर्स विसरली म्हणून पुन्हा फळीसमोरूनच मागे गेली आणि परत आली. दाराला कुलूप लावताना तिचं लक्ष ट्रककडे गेलं.

"अजून इथेच? गाडी बंद पडली का?"

"नाही. निघालोच."

"आज मस्त झालं. शनिवारी असंच करायचं, फक्त दहा मिनिटं कमी." तिने हात हलवला. "घरी जा आता. नीट जेवा."

तिची गाडी रस्त्याला लागली, चर्चपाशी वळली. लॉकलनने मूठ उघडली. बिल्ला गरम झाला होता.

ऊन कलून काचेवर आलं होतं आणि पितळेच्या रांगाच्या रांगा झळकत होत्या. एवढ्या लांबूनही सहाशे चौदाचा रिकामा खिळा स्वच्छ दिसत होता.