कोंबड्याची शपथ

जरा पुढे सरकून बसा मंडळी, जुन्या काळच्या कॅलिफोर्नियातल्या चिनी क्वाँगची कथा सांगतो. धाकट्या भावावर खुनाचा खोटा आळ होता. वाचवणारी साक्ष एकट्या क्वाँगची. बाप्तिस्मा घेतलेल्या क्वाँगनं कोर्टात बायबलवर शपथ घेतली. सरकारी वकील निवाडा देणाऱ्या पंचांसमोर एक मासिक फडकावत हसला. “यात छापलेल्या गोष्टीत वाचा, पंचहो. कोंबड्याची मान कापल्याशिवाय चिनी माणूस खरं बोलतच नाही.” पंचांनी माना डोलावल्या. वकिलानं कोंबडा आणि सुरी तयारच ठेवली होती. “साहेब, आमच्या घरी कोंबडा जेवणासाठीच कापतात,” क्वाँग म्हणाला. “दादा, काप रे,” बेड्यांतला भाऊ कळवळला, “येशू समजून घेईल, हे नाही घेणार.” क्वाँगनं डोळे मिटून सुरी चालवली. वकील पंचांकडे वळला. “मघाशी बायबल, आता कोंबडा. आपल्या देवाला फसवणारा तुम्हाला सोडील?” भाऊ फासावर गेला. भजनाला बसाल तेव्हा, ज्याचे हात पुन्हा जुळले नाहीत, त्या क्वाँगला आठवा.