सूर्यभानचे दात

सूर्यभान खुर्चीत बसला, पण तोंड उघडेना. डॉक्टर निकितानं दोनदा सांगितलं, तरी तो जबडा आवळून समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

"त्ये असंच करत्यात," बनुबाई म्हणाली. "तीनदा यायचं ठरवलं, आन् तिन्ही बारीला यष्टी चुकवली."

श्रीरामपूरच्या या दवाखान्यात नवऱ्याला आणायला तिला चाळीस वर्षं लागली होती. आता थांबून चालणार नव्हतं. लेक ज्ञानेश्वरी पंधरा दिवसांनी बाळंतपणाला येणार होती. दिवाळीला आली तेव्हा तिनंही रात्री भिंतीपलीकडून दात खाण्याचा आवाज ऐकला होता. जाताना म्हणाली, यावर इलाज असतो, दातांवर घालायला कव्हर मिळतं, आबांना एकदा दाखवून घे.

दात खाणं कधीपासूनचं, असं डॉक्टरनं विचारलं. सगळं बनुबाईनंच सांगितलं. लग्नाला महिना झाला नव्हता. सकाळी चुलीपाशी सासूनं विचारलं, रात्री दात कोण खात होतं? बनुबाईची झोप गाढ, तिला काही ऐकू आलं नव्हतं. सूर्यभान दारातूनच म्हणाला, मी. सासूच्या हातातली भाकरी तशीच राहिली. दात खाणारं माणूस घरातल्याच कुणाला तरी खातं, असं तिचं म्हणणं. सून असती तर दुसऱ्या दिवशी माहेरी धाडली असती, पोटच्या लेकाला कुठं धाडणार?

मग उपाय झाले. जंताचं औषध झालं, उशाची दिशा बदलून झाली, शिंगणापूरला शनिवारी तेल वाहून झालं. सूर्यभाननं सगळं मुकाट्यानं केलं. आवाज मात्र थांबला नाही, असं सासू मरेपर्यंत सांगत होती.

एवढं बोलून बनुबाई थांबली. पुढचं तिनं डॉक्टरला सांगितलं नाही.

ओंकार तीन वर्षांचा होता. तापानं फणफणला आणि नगरला पोचेपर्यंत गेला. पोराला माती देऊन माणसं घरी आली, तेव्हा भावकीसमोर बनुबाई नवऱ्याला म्हणाली होती, "तुमच्या दातांनी खाल्लं माझं लेकरू."

सूर्यभाननं मान खाली घातली. पुढं ज्ञानेश्वरी झाली, तर बनुबाईनं तिला आजीजवळ निजवलं, बापाच्या खोलीत नाही. बापानं लेकीला घ्यायचं ते दिवसाउजेडी, अंगणात. त्यानं तेही ऐकलं. नवराबायकोत बोलणं होत राहिलं, पण ते वैरणीचं, पाण्याच्या पाळीचं.

डॉक्टर समजावून सांगत होती. जंतांचा याच्याशी संबंध नाही. काळजी असली, मनात काही दाबून ठेवलेलं असलं, की झोपेत जबडा आवळला जातो. ज्याचं त्याला कळतही नाही. कव्हर घातलं की दात वाचतात. जबडा गरम पाण्यानं शेकायचा, दिवसा ओठ मिटले तरी वरचे दात खालच्यांना लागू द्यायचे नाहीत.

बनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"डॉक्टर, येक इचारू? दात खाल्ल्यानं घरातलं मानूस जातं का?"

"नाही हो, आजी. दात झिजतात. त्यानं माणूस कसं जाईल?"

बनुबाई भिंतीला टेकली. पस्तीस वर्षं झाली होती त्या बोलण्याला. एवढ्या वर्षांत ते शब्द तिनं एकदाही मागं घेतले नव्हते, आणि त्यानंही कधी त्यांची आठवण काढली नव्हती. तिला नवऱ्याकडं बघवेना. मग ती जवळ गेली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उघडा आता तोंड," ती म्हणाली. "माझं चुकलं."

सूर्यभाननं तिच्याकडं वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्यानं तोंड उघडलं.

डॉक्टरनं दिवा ओढून घेतला, छोटा आरसा फिरवला. खालच्या दाढा पाहिल्या, वरच्या पाहिल्या, पुन्हा खालच्या पाहिल्या.

"दात तर शाबूत आहेत," ती म्हणाली. "एकाही दाढेवर झीज नाही."

"असं कसं हुईल?" बनुबाई पुढं वाकली. सासूनं ऐकलंय, लेकीनं ऐकलंय, असं ती भराभरा सांगू लागली. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. डॉक्टर ऐकता ऐकता तिच्या दातांकडं बघू लागली.

"आजी, तुम्ही बसता का जरा इथं?"

"तिचं कायबी न्हाई," सूर्यभान घाईनं म्हणाला. "तिचं नका बघू."

पण त्याला उतरावं लागलं. बनुबाई खुर्चीत टेकली. डॉक्टरनं तिच्या दाढांवरून आरसा फिरवला, कानशिलाखाली दोन्हीकडं बोटांनी दाबून पाहिलं. बनुबाई कळवळली.

"दाढा पार सपाट झाल्यात," डॉक्टर म्हणाली. "कव्हरचं माप तुमचं घ्यावं लागेल, आजी."

बनुबाईनं मान वळवली. सूर्यभान टोपी हातात धरून उभा होता.

"कागदावर माझंच नाव ऱ्हाऊ द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "दात मीच खातो."