शेवटचा हात

शेवटचा हात मारून रंगारी शिडीवरून उतरला, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्यानं तिलाही हाक मारली.

"काकू, इकडून बघा! घर ओळखू येत नाही आता."

ती पदराला हात पुसत गेली. खरंच येत नव्हतं. पावसानं काळवंडलेली हिरवी भिंत, खिडकीखालचे शेवाळाचे ओघळ, दारावरची भेग. तारेच्या ब्रशनं खरवडून, धुऊन, पुट्टी भरून त्यानं सगळं नाहीसं केलं होतं. वर बदामी रंग.

"आता पाहुण्यांची रीघ लागेल बघा."

"कोण येतंय! आम्ही दोघंच."

रंगारी डबे, शिडी टेम्पोत टाकून गेला. ती फाटकाशीच थांबली. यांची फिरून यायची वेळ झाली होती. जेवल्याचं विसरायचे, मुलीचं नाव विसरायचे; पण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणं कधी चुकलं नव्हतं. तेवढं एक एकट्यानं जमायचं, म्हणून ती मागोमाग जात नसे. आज पुढच्या दारात फळी आडवी होती, तर तिनं त्यांना मागच्या दारानं पाठवलं होतं.

ते आले. हात पाठीमागे, चाल नेहमीचीच. फाटकासमोर आले, घराकडे पाहिलं आणि पुढे गेले. विजेच्या खांबापर्यंत जाऊन वळले. पुन्हा घरावरून गेले. आता पावलं भरभर पडत होती.

"अहो!"

कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांना हायसं वाटलं. जवळ आले.

"ताई, इथं एक घर होतं. हिरवं. भिंतीला ओघळ आलेले."

"हेच ते."

त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "छे हो. हे कुणा बड्या माणसाचं दिसतंय."

तिनं फाटक उघडून धरलं. "आत तर चला. चहा टाकते."

"नको, नको. बायको वाट बघत असेल. जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेते ती." ते हसले. मग चेहरा उतरला. "चुकलात तर जागचं हलू नका, मी शोधत येईन, असं बजावलंय तिनं."

"मग बसा इथंच पायरीवर. येईल ती."

ते बसले. रस्त्याकडे डोळे लावून. थोड्या वेळानं तीही शेजारी बसली. त्यांनी अंग चोरून तिला जागा करून दिली.

रस्त्यावरचे दिवे लागले. सकाळपासून तिची पाठ टेकली नव्हती. ती मागे रेलू लागली.

"टेकू नका हं, ताई," ते हलकेच म्हणाले. "रंग ओला आहे."

ती ताठ बसून राहिली.