रिकाम्या इंजिनातला आवाज

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका शेडमध्ये शर्यतीच्या गाडीचं नवं इंजिन कामाच्या बाकावर चढलं, तेव्हा त्यात अजून पिस्टनसुद्धा बसवले नव्हते. तरी हर्बर्टनं सवयीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. चालू इंजिनाचं दुखणं तो असंच ऐकून ओळखायचा.

"मढ्याची नाडी बघतोयस होय रे?" समोर सँडविच खात बसलेला सिरिल हसला. शाळेपासूनचा दोस्त, धंद्यातला भागीदार. "शर्यतीत सगळ्यांची तोंडं बघ कशी उतरतात. तुझं डिझाइन मी कुणाला दाखवलेलं नाही, आईशप्पथ!"

हर्बर्टला हसू आलं नाही. आत इंजिन चालत होतं. सहाही सिलिंडर एका सुरात, कागदावर आखताना त्यानं मनात ऐकले होते अगदी तसेच.

त्यानं मूठ कानापासून काढली. शेडमध्ये चिडीचूप. पुन्हा लावली.

इंजिन थांबलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सिरिलचा आवाज आला, "घेऊन टाका, साहेब. हर्बर्ट भोळा आहे. त्याला मी गुंडाळतो."

हर्बर्टनं वर पाहिलं. सिरिल तोंड मिटून घास चावत होता.

आतला सिरिल मात्र बोलता बोलता थबकला आणि कुजबुजला, "हळू, साहेब. तो ऐकतोय."

समोरच्या सिरिलचं चावणं थांबलं.