माइकचं टोपडं

कावळा शिवत नव्हता.

परंदवडीच्या आबांचा दहावा. पवनेच्या घाटावर पिंड मांडलेला, माणसं हात जोडून लांब उभी. झाडावर कावळे भरपूर, पण खाली एकही उतरेना.

पिंडापासून चार हातांवर सृष्टीचा कॅमेरा तिपाईवर उभा होता. सृष्टी आबांची नात. पुण्याला विद्यापीठात आशियाई समाज आणि संस्कृती शिकत होती, एमएचं शेवटचं वर्ष. जपानचे, बालीचे अंत्यविधी पुस्तकातून वाचून झाले होते. आबा गेल्याचं कळवल्यावर सरांनी आधी दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात विषय सुचवला. "घरचंच आहे, सोडू नकोस. फक्त मध्ये पडायचं नाही. निरीक्षण करायचं."

वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून कॅमेऱ्यावरच्या माइकला काळं केसाळ टोपडं घातलं होतं.

"ते मेल्यालं कावळं कशाला बांधलंय गं?" आजीनं, रतनबाईनं विचारलं.

"माइक हाय आजी. आवाज घेतो."

"कुनाचा? आबा तर गेलं."

"आबा, बैलं इकनार न्हाई," सृष्टीचा बाप हौशीराम म्हणाला. कावळे ढिम्म. कुणीतरी पिंडाशेजारी लोणावळ्याची चिक्की ठेवली. शुगर निघाल्यापासून आबांना ती कुणी दिली नव्हती. कावळ्यांनी माना वाकड्या करून पाहिलं, तेवढंच.

"रस्त्याकडंची जमीन प्लॉटिंगला देनार न्हाई," चुलता महिपती म्हणाला, आणि कावळा आलाच तर पंचाईत नको म्हणून घाईघाईनं जोडलं, "सध्या तरी."

ऊन चढलं. गुरुजींना कामशेतला आणखी एक दहावा होता. "दर्भाचा कावळा करून शिववतो," ते म्हणाले.

"थांबा गुरुजी, येक ऱ्हायलंय." महिपती पुढं झाला. "आबा, तुमचा जीव ह्या पोरीत अडाकलाय. हिचं शिक्शान बंद करतो आन् यंदाच लगीन लावून देतो."

सृष्टीनं बापाकडं बघितलं. हौशीराम स्वतःच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिला. मध्ये पडायचं नाही, हे त्याला कुठल्या सरांनी सांगितलं नव्हतं.

तिनं तिपाई उचलली, काखेत मारली आणि तरातरा पायऱ्या चढू लागली.

मागं फडफड झाली. एक कावळा आला, दुसरा आला, मग झुंबडच.

"शिवला! शिवला!" महिपतीला रडू फुटलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुजींनी पिशवी आवरली.

सृष्टी त्या केसाळ टोपड्याकडं बघत तशीच उभी राहिली. मग धावत खाली आली.

"काका, कावळे ह्याला भीत होते! हे हटलं म्हणून आले. तुमच्या बोलण्यानं नाही!"

"हटिवलं कुनी?"

"मी."

"कंदी?"

"तुम्ही बोललात तेव्हा."

महिपतीनं नदीकडं तोंड करून हात जोडले. "बघा. आबानीच उठिवली पोरीला."

सगळ्यांना पटलं. हौशीरामलाही. कामशेतच्या एका तांदूळवाल्याच्या मुलाचं नाव तिथंच, घाटावर निघालं.

सरांचा मेसेज आला, 'काकस्पर्श मिळाला का?'

सृष्टी पायरीवर बसली आणि चित्रण मागं घेऊन बघू लागली. कॅमेरा शेवटपर्यंत चालूच राहिला होता. पायऱ्या, तिची चप्पल, तिरकं आभाळ. कावळा कुठंच नव्हता.

रतनबाई शेजारी येऊन टेकली. कॅमेऱ्याला कान लावायला वाकली.

"आबाचा आवाज आलाय का गं त्यात?"

"न्हाई आजी," सृष्टी म्हणाली. "काकाचाच आलाय."