चारित्र्याचा दाखला

तिसरा ठोसा बरगडीवर बसला. नववी, डावीकडची, यशपालनं मनात नोंद केली.

जर्मनीतल्या एर्लांगेन स्टेशनच्या फलाटावर रविवारची दुपार होती. भांडण एका दांडग्याच्या सायकलवरून झालं. ती पुढच्या डब्यात चढवा, एवढंच यशपाल म्हणाला होता, तेही ‘बिट्टे’, म्हणजे कृपया, लावून. त्या दांडग्यानं सायकल टाकून दिली आणि यशपालला खांबाशी दाबून धरलं.

“अरे, मार ना त्याला,” दांडग्याचं जाकीट ओढत कीर्ती म्हणाली.

“मंगळवारी तोंडी परीक्षा आहे,” यशपाल रक्त थुंकत म्हणाला.

नवऱ्याचं बरोबर होतं, हेच तिचं दुखणं. वेल्समध्ये पाच वर्षं शिकून तो कायरोप्रॅक्टर झाला होता. मणके आणि सांधे हातानं जागेवर आणायचे, हे त्याचं काम. जर्मनीत ती पदवी भिंतीवर टांगायला कुणाची हरकत नव्हती. माणसाला हात लावायचा तर हाइलप्राक्टिकरचा, म्हणजे डॉक्टर नसलेल्या उपचारकाचा, परवाना हवा. त्यासाठी लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि पोलिसांकडून चारित्र्याचा कोरा दाखला. तीन वर्षं तो गोदामात खोकी हलवत होता. लेखी झाली होती. आता अंगावर एक गुन्हा लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तो शिस्तीत मार खात होता. ओठ फाटला, भुवई फुटली, मग पुन्हा तीच बरगडी. कीर्तीनं जाकीट सोडून पोलिसांना फोन लावला.

पुढच्या ठोशाला मात्र यशपालचे गुडघे वाकले. ठोसा हवेत गेला, त्यामागोमाग दांडगा गेला. पसरलेल्या हातावर तो आदळला, खांदा निखळला आणि तो गुरासारखा हंबरू लागला.

“यशपाल, हात लावू नकोस,” कीर्ती म्हणाली. “पोलीस येतायत. ते बघतील.”

यशपालनं हात लावला. मनगट धरून सावकाश ओढलं. कट्. हंबरणं थांबलं. इथवर ठीक होतं, अडल्यानडल्याला एवढी मदत कुणीही करावी. पण तेवढ्यात त्याला दांडग्याची मान दिसली. ती उजवीकडे कलली होती. तीन वर्षं उपाशी असलेल्या माणसापुढे कुणी ताट ठेवावं, तशी.

त्यानं रक्ताळलेल्या हातांत दांडग्याचा जबडा घेतला. आता हा मान मोडणार, असं कीर्तीला वाटलं. दांडग्यालाही तेच वाटलं. त्यानं डोळे मिटले. मान कडकन वाजली.

पोलीसबाई आल्या तेव्हा दांडगा रडत होता. मी मारलं, यांनी बोटही उचललं नाही, असं त्यानं आपणहून सांगितलं. ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणत बाईंनी लिहून घेतलं. मग तो कृतज्ञतेनं पुढे म्हणाला, “आणि सहा वर्षं आखडलेली मान यांनी मोकळी केली. एवढे डॉक्टर झाले, कुणाला जमलं नव्हतं. हे बसतात कुठं?”

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी यशपालकडे परवाना मागितला. यशपालनं मंगळवारचं सांगितलं.

बाईंनी अतिशय सभ्यपणे नवा कागद काढला. बिनपरवाना उपचार. आरोपीचं नाव, पत्ता, व्यवसाय. गोदाम कामगार, यशपाल म्हणाला. बाईंनी दांडग्याची सरळ मान एकदा न्याहाळली आणि ‘कायरोप्रॅक्टर’ असं लिहिलं.

तीन वर्षांत त्याच्या नावापुढे तो शब्द लिहिणारी ती पहिलीच सरकारी व्यक्ती होती.